वजा शून्य रुपये कोणाकडून घ्यायचे? फ्लोटिंग पॉइंट संख्येचं चिन्ह तपासताना

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुकानांच्या हिशेबाच्या एका प्रोग्रॅमवर काम करत होतो. त्यात 'येणे बाकी' नावाचा अहवाल होता. एका सकाळी एका गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसांचा फोन आला. "अहो, तुमच्या यादीत एकाच्या नावापुढे वजा शून्य रुपये शून्य पैसे दिसतायत. हे मी त्याला द्यायचे की त्याच्याकडून घ्यायचे?" मी हसलो. ते हसले नाहीत, मार्चअखेर होती.

पाच मिनिटांचं काम समजून बसलो आणि तीन दिवस गेले. संख्या ऋण आहे की धन, यात तपासण्यासारखं काय असतं, अशी तोवर माझी समजूत होती. त्या तीन दिवसांत आणि नंतरही जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना त्यांचं नेहमीचं स्पेलिंग वापरा. चलासाठी शाळेतला आपला 'क्ष' घेतला आहे.

जवळ काय असावं:
- सी किंवा सी++ चा कंपायलर. जीसीसी किंवा क्लँग, कोणताही चालेल.
- पायथन ३.
- ब्राउझरचा कन्सोल. जावास्क्रिप्टसाठी वेगळं काही बसवायला नको.
- वही-पेन. बिट मोजताना लागेल, मला अजूनही लागतं.

१. आधी प्रश्न ठरवा

'चिन्ह काय?' हा एक प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न आहेत. पहिला: क्ष शून्यापेक्षा लहान आहे का? हा गणिताचा प्रश्न. दुसरा: क्षच्या साठवणुकीत चिन्हाचा बिट १ आहे का? हा यंत्राचा. तिसरा: ही रक्कम, हे तापमान, हे अंतर माणसाच्या लेखी ऋण आहे का? हा व्यवहाराचा.

बहुतेक संख्यांसाठी तिन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. वजा शून्य, नॅन ('संख्याच नव्हे' अशी खूण) आणि शून्याला चिकटलेली बारीक संख्या आली की उत्तरं फुटतात. माझे तीन दिवस गेले ते यामुळेच. मला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, मी पहिला विचारत होतो आणि पडद्यावर दुसऱ्याचं उत्तर छापून येत होतं. कोड लिहिण्याआधी वहीत एक ओळ लिहा: मला यातला कोणता प्रश्न विचारायचा आहे?

२. संख्या आतून कशी दिसते ते एकदा पाहा

दशांश संख्या, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, साठवताना आज जवळपास सगळ्या भाषा आणि प्रोसेसर आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक पाळतात. ते १९८५ साली आलं. त्यामागे मुख्य डोकं विल्यम काहान यांचं. याच क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

डबल प्रकारची संख्या ६४ बिटांची असते: सुरुवातीला चिन्हाचा १ बिट, मग घातांकाचे ११, मग अपूर्णांकाचे ५२. फ्लोट प्रकारात हीच वाटणी १, ८ आणि २३ अशी. लक्षात ठेवायचं ते एवढंच की चिन्हाचा बिट एकटा, सुटा असतो. बाकीचे बिट काहीही असले तरी तो ० किंवा १ असू शकतो. मग उरलेले ६३ बिट शून्य असताना चिन्हबिट १ असेल तर? तेच वजा शून्य.

पूर्णांकांमध्ये हा प्रकार नसतो. ते टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने साठवले जातात आणि त्यात शून्याचं एकच रूप असतं. पूर्णांकांची सवय झालेल्या माणसाला दशांशात ठेच लागते ती इथे.

वजा शून्य ही कोणाची चूक नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. एखादी ऋण संख्या इतकी बारीक झाली की ती साठवताच येत नाही, तेव्हा ती शून्य होते. पण ती कोणत्या बाजूने आली हे चिन्हात शिल्लक राहतं. दिशेच्या गणितात त्याचा उपयोग दिसतो. एटॅन-टू फंक्शनला (०.०, −१.०) दिलं तर उत्तर +पाय, म्हणजे १८० अंश. (−०.०, −१.०) दिलं तर −पाय. दिशा तीच, पण तिथवर कुठल्या बाजूने वळत आलात ते कळतं.

३. वजा शून्य स्वतः तयार करा

चाचणीसाठी ही संख्या हातात हवी, आणि नवखा माणूस पहिल्यांदा इथेच घसरतो. सी, जावा किंवा पायथनमध्ये नुसतं −० लिहिलं तर ते पूर्णांकाचं शून्य. त्याचं ऋण केलं तरी शून्यच, आणि नंतर दशांशात बदललं तर साधं +०.० मिळतं. −०.० असंच लिहा, दशांशचिन्हासकट. जावास्क्रिप्टमध्ये मात्र साध्या संख्या सगळ्या डबलच असतात, म्हणून तिथे −० चालतं.

गो भाषेत याहून पुढची गंमत आहे. तिथे स्थिरांकांचं गणित कंपायलर अचूक करतो, आणि अचूक गणितात वजा शून्य नसतंच. त्यामुळे −०.० लिहिलं तरी धन शून्य मिळतं. तिथे कॉपीसाइन(०, −१) करावं लागतं, म्हणजे शून्याला −१ चं चिन्ह चिकटवावं लागतं. माझ्या एका सहकाऱ्याची चाचणी या कारणाने कित्येक महिने हिरवी, म्हणजे पास, दिसत होती. जी संख्या तपासतोय असं त्याला वाटत होतं ती कधी तयारच झाली नव्हती.

चिन्ह उलटवतानाही सांभाळा. −क्ष आणि ०.० − क्ष एकच वाटतात, पण क्ष = ०.० असेल तर पहिल्याचं उत्तर −०.० आणि दुसऱ्याचं +०.०.

४. साधी तुलना कुठे पुरते, कुठे नाही

पहिल्या प्रश्नासाठी क्ष < ० पुरेसं आहे. उगाच बिटांत शिरू नका. −०.० < ० हे खोटं येतं आणि −०.० == ०.० हे खरं येतं. गणिताच्या दृष्टीने दोन्ही बरोबर.

काळजी घ्यायची ती नॅनची. नॅन म्हणजे 'संख्याच नव्हे' अशी खूण, उदाहरणार्थ ०.०/०.० चं उत्तर. नॅन < ०, नॅन > ०, नॅन == ० हे तिन्ही खोटं. म्हणजे 'क्ष >= ० असेल तर जमा, नाहीतर नावे' असं लिहिलंत तर नॅन गुपचूप नावे बाजूला जाऊन बसतो. अट उलटी लिहिलीत तर जमेत जातो. नॅनसाठी वेगळी फांदी आधी ठेवा, मग चिन्ह बघा.

आणखी दोन सापळे. एक, दशांश संख्या आधी पूर्णांकात बदलून चिन्ह बघणं: −०.५ चा पूर्णांक ० होतो, चिन्ह गेलं. दोन, घरगुती निरपेक्ष मूल्य: 'क्ष < ० असेल तर −क्ष, नाहीतर क्ष'. याला −०.० दिलं तर ते −०.० च परत देतं. सीमध्ये एफॅब्स वापरा. तिथलं नुसतं ॲब्स पूर्णांकांसाठी आहे, −०.५ दिलं तर ० हातात ठेवतं.

५. बिटच विचारायचा असेल तर

यासाठी प्रत्येक भाषेची आपली तऱ्हा आहे.

सी (सी९९ पासून): साइनबिट(क्ष). बिट १ असेल तर उत्तर 'शून्येतर' येतं, एवढीच हमी. ते १ च असेल असं नाही, १२८ असेल किंवा आणखी काही. म्हणून साइनबिट(अ) == साइनबिट(ब) असं लिहू नका. दोन्हींसमोर नकाराचं ! चिन्ह लावून तुलना करा. सी++११ पासूनचं साइनबिट खरं-खोटं असं स्वच्छ उत्तर देतं, तिथे ही भानगड नाही.

पायथन: मॅथ.कॉपीसाइन(१.०, क्ष) < ०. क्षचं चिन्ह १.० ला चिकटवायचं आणि मग साधी तुलना करायची. नेटवर सापडणारी 'एक भागिले क्ष करून ऋण अनंत येतं का बघा' ही युक्ती इथे चालत नाही, कारण पायथन शून्याने भागताना सरळ झीरोडिव्हिजनएरर फेकतो.

जावा: मॅथ.सिग्नम (चिन्ह सांगणारं फंक्शन) नावाने फसवतं. त्याला −०.० दिलं तर −०.० च परत मिळतं, −१ नाही. मग तुम्ही ते < ० ने तपासता आणि पुन्हा खोटं येतं. डबल.डबलटूरॉलाँगबिट्स(क्ष) < ० हा सरळ मार्ग, कारण डबलचा चिन्हबिट लाँगच्या चिन्हबिटाच्या जागीच येतो. डबल.कंपेअर वजा शून्याला शून्याच्या आधी लावतं, आणि डबलच्या वस्तूवरचं इक्वल्स दोन्ही शून्यांना वेगळं मानतं. हॅशमॅपमध्ये डबल ही किल्ली असेल तर ०.० आणि −०.० अशा दोन नोंदी होऊ शकतात.

जावास्क्रिप्ट: ऑब्जेक्ट.इज(क्ष, −०) ने वजा शून्य ओळखता येतं; === ने नाही. छापून बघण्यावर विसंबू नका. वजा शून्याची स्ट्रिंग केली की '०' मिळतं, जेसॉन.स्ट्रिंगिफायही '०' च देतं, पण जेसॉन.पार्सला '-०' दिलं तर वजा शून्य परत येतं. बाहेर जाताना चिन्ह पुसलं जातं, आत येताना टिकतं.

रस्ट: इज_साइन_निगेटिव्ह. इथलं सिग्नम −०.० साठी −१.० देतं, म्हणजे जावापेक्षा वेगळं.
गो: मॅथ.साइनबिट.
सी शार्प: मॅथ.साइन वजा शून्याला ० म्हणतं आणि नॅन दिलं तर अपवाद फेकतं. मला हे वागणं आवडतं. गप्प बसून चुकीचं उत्तर देण्यापेक्षा ओरडलेलं बरं.

बिट हाताने काढायची हौस असेल तर सीमध्ये पॉइंटरचा प्रकार बदलून वाचू नका. तसं करणं नियमाबाहेर आहे आणि ऑप्टिमायझेशन चढवलं की कधीही बिनसतं. मेमकॉपीने ६४ बिटांच्या पूर्णांकात उतरवून घ्या; सी++२० मध्ये बिट_कास्ट आहे. एकेक बाइट बघत असाल तर इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर बाइट उलट क्रमाने असतात, म्हणून चिन्हाचा बिट पहिल्या नव्हे तर शेवटच्या बाइटमध्ये सापडेल.

नॅनलाही चिन्हबिट असतो, पण त्याला अर्थ नसतो. इंटेलच्या प्रोसेसरवर चालत्या प्रोग्रॅममध्ये ०.०/०.० केलं तर येणाऱ्या नॅनचा चिन्हबिट १ असतो, म्हणून लिनक्सवर कधीकधी 'वजा नॅन' छापलेलं दिसतं. आर्म प्रोसेसरवर तोच बिट ० असतो. त्यावरून काही ठरवायला गेलात तर लॅपटॉपवर एक आणि फोनवर दुसरं उत्तर मिळेल.

६. दोन संख्यांची चिन्हं विरुद्ध आहेत का?

हा प्रश्न समीकरणाचं मूळ शोधताना येतो. दुभाजन पद्धत बहुतेकांनी कॉलेजात केलेली असते: डाव्या टोकाला (अ) फलन फ ची किंमत ऋण, दुसऱ्या टोकाला धन, मधला बिंदू (म) घ्यायचा आणि ज्या अर्ध्यात चिन्ह बदलतं ते ठेवायचं. शिकवताना फळ्यावर लिहितात: फ(अ) × फ(म) < ० असेल तर मूळ डाव्या अर्ध्यात. वहीतल्या गणितात हे निर्दोष आहे, कोडमध्ये नाही.

एका मित्राने प्रकल्पात ऊर्जेचं समीकरण ज्यूलमध्ये मांडलं होतं आणि मेमरी वाचवायला फ्लोट वापरला होता. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे सुमारे १.६ × (१० चा उणे १९ वा घात) ज्यूल. म्हणजे फलनाच्या किमती मुळातच इवल्याशा. फ्लोटमध्ये मावणारी सगळ्यात लहान धन संख्या साधारण १.४ × (१० चा उणे ४५ वा घात). आता मुळाच्या जवळ जाता जाता दोन्ही किमती इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहाहजाराव्या भागाइतक्या झाल्या की त्यांचा गुणाकार १० च्या उणे ४६ व्या घातापर्यंत खाली येतो. तो फ्लोटमध्ये मावत नाही, शून्य होतो. एक ऋण आणि एक धन असल्यामुळे नेमकं सांगायचं तर वजा शून्य होतो.

आणि वजा शून्य < ० हे खोटं! अट म्हणते 'चिन्ह बदललं नाही', प्रोग्रॅम उजवा अर्धा निवडतो, मूळ डावीकडे राहून जातं. त्यानंतर प्रत्येक फेरी चुकीच्या टोकाकडे सरकते. प्रोग्रॅम कोसळत नाही, तक्रार करत नाही, पहिले तीन-चार अंक बरोबर देतो आणि पुढचे मनाचे. मित्राने आठवडाभर सूत्रात चूक शोधली. सूत्र बरोबरच होतं.

डबल घेतल्याने रोग जात नाही, लांबतो. तिथे १० चा उणे २०० वा घात आणि त्याचीच ऋण जुळी यांचा गुणाकार असाच वजा शून्य होतो. पायथनमध्ये आत्ता करून बघा, एक ओळ आहे.

उपाय: गुणाकार करू नका. (फ(अ) < ०) आणि (फ(म) < ०) ही दोन खरं-खोटं उत्तरं वेगळी आहेत का ते बघा. फ(म) == ० असेल तर मूळ सापडलंच, ती अट आधी ठेवा. साइनबिटनेही हे होतं, पण मग फलनाने −०.० दिलं तर ते ऋण धरलं जाईल. इथे प्रश्न पहिला आहे, दुसरा नाही, म्हणून मी साधी तुलना वापरतो.

७. 'जवळजवळ शून्य' आणि हिशेबनिसांचा फोन

परत त्या अहवालाकडे. ३० पैसे येणे होते. १० पैसे आले, मग २० आले. कोणत्याही भाषेत डबल घेऊन ०.३ − ०.१ − ०.२ करून बघा. उत्तर शून्य नाही, सुमारे −२.८ × (१० चा उणे १७ वा घात) येतं, कारण या तिन्ही संख्या द्विमान पद्धतीत नेमक्या मावतच नाहीत. ही संख्या खरोखर शून्यापेक्षा लहान आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत छापली की आकडे शून्य होतात आणि चिन्ह तेवढं उरतं: −०.००. हवामानाच्या संकेतस्थळांवर किंवा थर्मामीटरच्या पडद्यावर −०.० अंश दिसतं त्यामागेही बहुधा हेच असतं, −०.०४ एका स्थळापर्यंत छापलं की झालं.

दाखवण्यापुरतं दुरुस्त करायचं तर क्रम महत्त्वाचा: आधी गोल करा, मग ०.० मिळवा. −०.० + ०.० चं उत्तर नेहमीच्या गोलीकरणात +०.० येतं. आधी मिळवून मग गोल केलंत तर काही उपयोग नाही, वजा शून्य गोल करताना जन्माला येतं. पायथन ३.११ पासून छपाईच्या साच्यात 'झेड' हा पर्याय आहे, तो हेच काम करतो.

निर्णय घ्यायचा असेल, म्हणजे कोण येणेकरी आणि कोण देणेकरी, तर सहनमर्यादा लागते. रुपयांसाठी ती अर्धा पैसा, ०.००५. त्याच्या आत असेल ते शून्य, बाहेर असेल तर चिन्ह बघा. इथे भाषेतला तयार एप्सिलॉन वापरायचा मोह होतो, तो टाळा. ती संख्या, सुमारे २.२ × (१० चा उणे १६ वा घात), १ च्या आसपासचं अंतर सांगते. एक कोटीच्या आसपास दोन शेजारच्या डबल संख्यांमधलं अंतर त्याच्या ८० लाखांहून जास्त पट असतं. मर्यादा व्यवहारातून येते, भाषेच्या ग्रंथालयातून नाही.

खरं तर पैशासाठी फ्लोट-डबल वापरूच नये. पैसे मोजा, रुपये नको: ३० − १० − २० पूर्णांकात केलं की उत्तर शून्य, बिनचिन्हाचं. आम्ही शेवटी तेच केलं, पण जुना साठा बदलायला दोन महिने लागले आणि तोवर अर्ध्या पैशाची अट लावून काम चालवलं. दशांशासाठी खास प्रकार असतात, तेही बरे. जावाच्या बिगडेसिमलमध्ये वजा शून्य नाही. पायथनच्या डेसिमलमध्ये मात्र आहे, तेव्हा निर्धास्त राहू नका.

८. कंपायलरचे पर्याय तपासा

वेग वाढवायला कुणीतरी बिल्ड फाइलमध्ये फास्ट-मॅथ लावून ठेवलेलं असतं. जीसीसीमध्ये ओफास्ट लावलं की तेही आपोआप येतं. त्याचा अर्थ असा की तुम्ही कंपायलरला सांगता: नॅन आणि अनंत येणार नाहीत, आणि शून्याच्या चिन्हाची मला पर्वा नाही. मग तो ०.० मिळवण्याची ओळ निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो. 'क्ष != क्ष' ही नॅनची जुनी तपासणी कायम खोटी मानू शकतो. कोडमध्ये चूक शोधण्याआधी बिल्ड फाइल उघडा. ओ-टू, ओ-थ्री हे स्तर हा खेळ करत नाहीत.

९. या संख्यांवर चालवून बघा

कोणतंही चिन्ह तपासणारं फंक्शन लिहिलं की मी त्यातून एवढ्या संख्या पाठवतो: १.०, −१.०, ०.०, −०.०, दोन्ही अनंत, नॅन, चिन्ह उलटवलेला नॅन, आणि डबलमधली सगळ्यात बारीक ऋण संख्या, साधारण −४.९ × (१० चा उणे ३२४ वा घात). प्रत्येकीसमोर अपेक्षित उत्तर आधी हाताने लिहितो, मग चालवतो.

चाचणीत उत्तराची तुलना == ने केली तर −०.० आणि ०.० सारखेच ठरतात आणि चूक झाकली जाते. जावास्क्रिप्टच्या जेस्ट या चाचणी-साधनात उलट: तिथलं टूबी आतून ऑब्जेक्ट.इज वापरतं, म्हणून ० अपेक्षित असताना −० आलं तर चाचणी लाल होते, आणि कन्सोलवर स्ट्रिंग छापून बघाल तर दोन्हीकडे '०' च दिसेल. अशा वेळी चाचणीला शिव्या घालण्याआधी ती संख्या ऑब्जेक्ट.इजमधून एकदा घालून बघा.